उत्तरेकडचा पेरू

५ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, कागदावर वाकलो असं समज.

मागच्या पत्रात तू एक वाक्य लिहून पटकन हवापाण्याकडे वळलीस. मुलाची बदली झाली, मेअखेर सगळे तिकडे जाणार, तिथे नवव्या मजल्यावर घर मिळतंय. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आता चौथ्या मजल्यावर आहेस तर लिफ्ट चालू असेल त्या दिवशीच तुला रस्ता दिसतो. नवव्यावर गेलीस की नुसते ढग दिसतील.

तेव्हा मी ठरवलं आहे. घराच्या उत्तरेला जी मोकळी जागा आहे, जिथे माझी सायकल आणि फुटक्या कुंड्या असतात, तिथे तुझ्यासाठी खोली बांधतो. पायरी नाही, उंबरा नाही, लागून न्हाणीघर आणि भिंतीला धरायला दांडी. माझ्या घराच्या पायऱ्या तुला चढवत नाहीत, ते मागच्या वेळी पाहिलं आहे.

खोलीला महापालिकेची परवानगी लागते आणि परवानगीला नकाशा लागतो. नकाशावर परवाना असलेल्या आर्किटेक्टची सही लागते, म्हणून एकाकडे गेलो. त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी काढून दाखवलं. खोली म्हणजे चौकोन, दार म्हणजे एक रेघ. ज्या माणसाने सदतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्याच्या बहिणीची खोली अशी? मी म्हटलं, नकाशा मी काढतो, तुम्ही सही करा. तोही बिचारा घाईत होता. मापं बरोबर आहेत एवढं बघून त्याने सही ठोकली.

ताई, असा नकाशा त्या कार्यालयाने जन्मात पाहिला नसेल. खिडकीला पडदा आहे आणि तो वाऱ्याने जरा फुगला आहे. खाटेवर तू बसली आहेस, चष्मा लावून. कंपाउंडच्या भिंतीवर मांजर आहे. आणि खिडकीला अगदी चिकटून एक पेरूचं झाड, फळांनी लगडलेलं. बसल्या जागेवरून हात बाहेर काढलास की पेरू हाताला लागेल. घराच्या चित्रात झाड नसेल तर मी ते चित्र कधी पुरं मानलं नाही, वर्गातल्या कुठल्या पोराला मानू दिलं नाही.

परवानगीची काळजी करू नकोस. बांधकाम विभागातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. महिन्याभरात शिक्का बसेल. येशील ना, असं मी आत्ता विचारत नाही. आधी खोली होऊ दे.

तुझा धाकटा


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून फळ्यावरचंच आहे, पलीकडच्या खोलीतून वाचता येतं. माझं या वेळी वाकडं दिसेल. पेन खराब आहे.

खोलीचं वाचलं. मला आधी विचारायला हवं होतंस, असं मी म्हणणार नाही, कारण तू कधी कुणाला विचारून काही केल्याचं मला आठवत नाही. सून म्हणते, आई, मामांना फोन लावा, दोन मिनिटांत बोलणं होईल. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून जन्मभर लोकांची दोन मिनिटांची बोलणी जोडून दिली. त्यात कुणी कुणाला खरं काही सांगत नाही. पत्रच बरं.

आता मला एक सांग. तुझ्या घराच्या उत्तरेला पेरू कुठे आहे? मागच्या वेळी आले तेव्हा तिथे तुझी सायकल होती आणि तिच्यावर धूळ होती. झाड मला दिसलं नाही. हा आपल्या जुन्या घरचा पेरू असणार. मी शेंड्यावर चढायचे आणि तू खाली उभा राहून, ताई पडशील, म्हणून भोकाड पसरायचास, तोच ना? अरे, नकाशा म्हणजे बक्षीस समारंभातलं चित्र नव्हे. अजून दिला नसशील तर ते झाड खोडून मग दे.

आणि येण्याचं विचारत नाहीस ते बरंच आहे. मुलगा आणि सून दोघंही, आमच्याबरोबर चला, म्हणतात आणि मनापासून म्हणतात. मलाही कुणाच्या घरी ओझं होऊन राहायची हौस नाही. मला खाटेवर बसवलं आहेस, तर जाड काढली नाहीस ना, तेवढं कळव.

ताई


११ डिसेंबर

ताई,

घोडं अडलं आहे.

नकाशा त्रुटी लावून परत आला. त्रुटी म्हणजे कार्यालयाच्या शंका, प्रत्येकीला उत्तर दिल्याशिवाय फाइल पुढच्या टेबलावर सरकत नाही. न्हाणीघराची खिडकी लहान पडते, ही पहिली शंका. ती रास्त होती, मी खिडकी मोठी केली. पुढची अशी: ‘कंपाउंड भिंतीवर प्राणी दर्शविला आहे, खुलासा करावा.’ त्यानंतर: ‘खोलीत व्यक्ती दर्शविली आहे, प्रयोजन स्पष्ट करावे.’ आणि शेवटी: ‘उत्तर बाजूस फळझाड असून प्रस्तावित खोलीचा पाया त्याच्या मुळांवर येतो. उद्यान विभागाचा ना हरकत दाखला जोडावा.’

मी उठून कार्यालयात गेलो. फाइल जिच्याकडे आहे ती इंजिनीअर माझीच विद्यार्थिनी निघाली. वर्गात हिला सगळे मोजपट्टी म्हणायचे, कारण ही सूर्यसुद्धा पट्टीने काढायची. ती उठून उभी राहिली, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग एका अक्षराचीही सूट दिली नाही. मी म्हटलं, अगं, ते झाड तिथे नाहीच. ती म्हणाली, “सर, नाही तर काढलंत कशाला?” मी म्हटलं, शोभेसाठी. तिने नकाशाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे माझ्याच सहीने लिहिलं होतं की जागेवर जे आहे तेच दाखवलं आहे. झाड खोटं असेल तर हे खोटं आणि हे खोटं असेल तर अर्ज बाद.

मग तिनेच वाट सुचवली. नकाशात दोनच प्रकार चालतात, अस्तित्वात असलेलं आणि प्रस्तावित, म्हणजे पुढे होणार असलेलं. मी मांजरावर लिहिलं ‘प्रस्तावित’. तुझ्यावर लिहिलं ‘बहीण, प्रस्तावित, निवासी वापर’. दोन्ही शंका तिथल्या तिथे मिटल्या. झाडावरही तेच लिहायला गेलो तर मोजपट्टीने हात धरला. नकाशाची एक प्रत उद्यान विभागात आधीच गेली होती आणि तिथल्या माणसाने शेरा मारला होता: ‘पेरू, निरोगी, फळावर आलेला.’ प्रस्तावित झाडाला फळं लागत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, माझ्या चित्राला मिळालेली ही पहिली सरकारी दाद. त्या माणसाने पानांवरून जात ओळखली.

जाड काढलेली नाही. सडपातळ आहेस.

धाकटा


२० डिसेंबर

धाकट्या,

दाद घेऊन फ्रेममध्ये लाव, पण आधी काम कर. दुसरा नकाशा काढ, त्यात झाड नको. पडदा, वारा, मांजर काय ठेवायचं ते तुझं तू बघ. आणि शक्यतो तू काढूच नकोस, त्या कॉम्प्युटरवाल्याला काढू दे. त्याच्या चौकोनात मी राहीन. म्हणजे, राहायचं ठरलंच तर राहीन.

मुलाने तिकडच्या घराचे फोटो दाखवले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा नववा मजला दिसतो. तिथेही एक म्हातारी बाई खिडकीत बसलेली आहे.

लिफ्ट बंद आहे, त्यामुळे मी सध्या घरातच असते. बाकी ठीक.

ताई


२२ जानेवारी

ताई,

तू सांगितलंस तसं केलं आणि त्यामुळेच आता माझ्यावर खटला आहे.

दुसरा नकाशा झाडाशिवाय दिला. (मीच काढला. मांजर वगळलं, पण तुला चौकोनात ठेवायला माझा हात धजला नाही.) आठवड्याभरात कार्यालयाचं पत्र आलं की पहिल्या नकाशात झाड होतं, दुसऱ्यात नाही, तर मधल्या काळात झाड गेलं कुठे? मी लिहिलं की ते नव्हतंच, येऊन पाहा. मला वाटलं, आता सुटलो.

ते खरंच पाहायला आले. मोजपट्टी होती, उद्यान विभागाचा तो पानं ओळखणारा माणूस होता आणि एक टेप धरणारा होता. नेमका आदल्या दिवशी आमच्या गवंड्याने, पायासाठी माती कशी आहे ते बघू, म्हणून एक खड्डा खणून ठेवला होता. कुठे खणावा? जिथे मी नकाशात झाड काढलं होतं बरोबर तिथे. उद्यानवाला खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. मग सगळ्यांनी मिळून लिहिलं: ‘झाड मुळासकट काढल्याचा ताजा खड्डा आढळला.’ गवंडी मध्येच म्हणाला, साहेब, फार कडक जमीन आहे, अख्खा दिवस लागला. तेही लिहून घेतलं.

आता विनापरवाना झाड तोडल्याची कारणे दाखवा नोटीस आली आहे. मोजपट्टीने मला बाजूला घेऊन सांगितलं की सर, झाड तोडलं असं कबूल करा, बदल्यात नवीन झाडं लावतो असं लिहून द्या, एका सुनावणीत प्रकरण मिटेल. कबूल केलं नाहीत तर फाइल समितीकडे जाते आणि समिती पुढची बसेल ती पावसाळा संपल्यावर.

ताई, मी नाही म्हणून आलो. जे झाड मीच कागदावर वाढवलं, ते मीच तोडलं असं माझ्या सहीनिशी लिहून देऊ? मी आयुष्यात साधा खडू चोरला नाही. लढणार आहे. वर अर्ज केला आहे, त्याला जुन्या घराची दोन स्केचेस जोडली आहेत, म्हणजे झाडाचा मूळ पत्ता त्यांना कळेल.

धाकटा


३० जानेवारी

धाकट्या,

तुझं तत्त्व सांभाळ. पावसाळा संपेपर्यंत मी इथे नसेन, हे तुला माहीत आहे आणि तरी तू लढायला निघालास. त्यातून मला काय समजायचं ते मी समजले.

एक्सचेंजमध्ये मी दिवसभर लोकांना सांगायचे की लाइन लागत नाही. तेव्हापासून लाइन लागत नाही आणि लाइन लावायची नाही, यातला फरक मला आवाजावरून कळतो. तुला एकट्याने राहायची सवय झाली आहे. तुझ्या रंगाच्या बाटल्या, तुझी सायकल, तुझी झोपायची वेळ. त्यात मी कुठे मावणार? नको असेल तर सरळ नको म्हणायचं होतंस. पेरूला कशाला मध्ये घातलंस?

मुलाला माझं तिकीट काढायला सांगितलं आहे. नववा मजला तर नववा मजला.

ताई


३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. मी सून. आईंना न सांगता लिहिते आहे, म्हणून अक्षर घाईचं आहे.

आई नोव्हेंबरात जिन्यावर पडल्या. लिफ्ट बंद होती आणि त्या पोस्टात जायला निघाल्या होत्या. उजवा पाय प्लास्टरमध्ये होता, प्लास्टर आता निघालं आहे. मनगटही दुखावलं होतं. तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्यांनी आम्हाला ताकीद दिली आहे. पेन खराब आहे असं लिहितात. पेन चांगलं आहे.

तिकीट काढायला सांगितलं हे खरं आहे. पण यांनी काढायला घेतलं तर आईंनी विचारलं की परत करता येतं ना. आम्ही सामान बांधायला घेतलं आहे, त्यात त्यांनी आपलं सामान वेगळं ठेवलं आहे आणि त्यावर पत्ता लिहू देत नाहीत. तुमची पत्रं उशीखाली असतात. तुम्ही त्यांना सडपातळ काढलंत ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

त्या आमच्याबरोबर आल्या तर आम्हाला आनंदच आहे, हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. पण त्यांना कुठे जायचं आहे ते मला दिसतं. तुम्हाला त्या यायला हव्या असतील, तर मामा, ते झाड तोडून टाका.

तुमची सूनबाई


१४ फेब्रुवारी

ताई,

आधी पाय कसा आहे ते लिही. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस आणि सुनेला काही बोलू नकोस. पेन खराब म्हणे. तू शेंड्यावरून पडायचीस तेव्हाही आईला सांगायचीस की फ्रॉक कुंपणाला अडकून फाटला. तू पडशील म्हणून मी रडायचो, आणि तू पडलीस तेव्हा मला पत्ताच नव्हता. मला फार वाईट वाटलं, एवढं लिहून पुढे जातो.

काल सुनावणी होती. मी वर केलेला अर्ज मागे घेतला आणि कबूल करायचं ठरवून गेलो. लांबट खोली, टेबलामागे वृक्ष अधिकारी, एका बाजूला मोजपट्टी, दुसऱ्या बाजूला उद्यानवाला. अधिकाऱ्यांनी विचारलं, झाड तुम्ही तोडलंत? मी म्हटलं, हो. एवढ्यावर थांबलो असतो तर मिटलं असतं. पण त्यांनी, कसं होतं झाड, असं विचारलं आणि मला राहवलं नाही. मी सांगितलं की खोडाची साल सुटून खालून हिरवट-पिवळं अंग दिसायचं, मधली फांदी बसायला सपाट होती, वरची फळं पोपट आधी खायचे आणि खाली उभं राहिलं की अर्धवट खाल्लेला पेरू डोक्यात पडायचा. उद्यानवाला रुमाल शोधायला लागला. अधिकारी माझ्याकडे असे बघायला लागले की मीच घाबरलो. म्हणाले, “एवढं ठाऊक होतं आणि तरी तोडलंत? कशासाठी?”

मी घरून काहीच ठरवून आलो नव्हतो. तोंडातून आलं ते असं: “बहिणीला घरात यायला जागा नव्हती.”

मग अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, अडचण अशी आहे की या झाडाबद्दल आमच्याकडे आधीच एक कबुली आलेली आहे. आणि त्यांनी तुझं पत्र वाचायला घेतलं.

ताई, तुला काय म्हणू? ‘सदर झाड माझ्या सांगण्यावरून तोडण्यात आले. लहानपणी मी त्यावरून पडले होते, तेव्हापासून माझा त्यावर राग होता. माझ्या भावाचा यात काही दोष नाही, त्याला पेन्सिलीचं टोक तुटलं तरी वाईट वाटतं. शिक्षा मला द्यावी, पण खोलीचा कागद अडवू नये. मला तिथे राहायला जायचं आहे.’

शेवटचं वाक्य त्यांनी इतर वाक्यांसारखंच वाचलं. त्यांना काय माहीत? मी इतकी पत्रं लिहिली, त्यातल्या एकालाही तू हे उत्तर दिलं नाहीस. महापालिकेला दिलंस. मी तिथेच डोळे पुसले आणि उद्यानवाल्याने मला आपला रुमाल दिला. त्याला वाटलं, मला झाडाचं वाईट वाटलं.

मग कायद्याचा पेच पडला. झाड एक, तोडणारे दोन, आणि दोघंही म्हणतात मीच. अधिकाऱ्यांनी बराच विचार केला आणि निकाल दिला की दोघांनी प्रत्येकी एक झाड लावावं, दोन्ही नकाशात दाखवावीत आणि जगवावीत. या अटीवर बांधकामाला हरकत नाही.

बाहेर आल्यावर मी मोजपट्टीला म्हटलं, आता तरी खरं सांग, तुला काय वाटतं? ती म्हणाली, “सर, मी रोज तुमच्या घरावरून येते-जाते. तिथे झाड नव्हतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण कागदावर होतं. कागदावरचं झाड मी माझ्या हाताने काढून टाकलं असतं, तर ते मी तोडलं असं झालं असतं.” जाता जाता म्हणाली की पाचवीत तिने पट्टीने घर काढलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, घर उघडं उघडं दिसतंय, बाजूला काहीतरी लाव. ते तिला आठवतंय, मला नाही.

आता सरळ विचारतो, जे पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं. येशील ना?

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

माझं पत्र महापालिकेसाठी होतं, तुला वाचून दाखवायची काही गरज नव्हती. सरकारी माणसांच्या पोटात काही राहत नाही.

पाय बरा आहे. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. सुनेला काही बोलले नाही, फक्त तिच्यासमोर पेन घेऊन बसते आणि तिच्याकडे बघते. ती हसते.

तुझी लढाई माझ्यासाठीच चालली होती आणि मी तुला लाइन लावायची नाही म्हणाले. तेवढं मनातून काढून टाक. पण तूही एक कर. यापुढे मला काही विचारायचं असेल तर आधी विचार आणि मग बांध.

येण्याचं विचारलंस. पायाचे डॉक्टर काय म्हणतात ते बघते, तिकीट परत होतं का ते बघते. आधी तू बांधून दाखव. तुझ्या हातून भिंत सरळ उभी राहील यावर माझा अजून विश्वास नाही.

माझ्या वाटचं झाड कलमी बघून आण. फळ लवकर धरतं. मला फार थांबायला वेळ नाही.

ताई


१८ मे

ताई,

खोली झाली. भिंती सरळ आहेत, गवंड्याने ओळंबा लावला तेव्हा मी मुद्दाम शेजारच्यांना बोलावलं होतं. दांडी तुझ्या कमरेच्या उंचीवर बसवली आहे. उंची मला आठवत होती, तरी सुनेकडून मागवून घेतली. मला राहायला छान वाटेल अशी झाली आहे, पण मी एकदाही आत झोपलो नाही.

दोन्ही पेरू लावले. तुझा कलमी गुडघ्याला लागतो, माझा घोट्याला. उद्यानवाला दर रविवारी येतो, स्वतःच्या हाताने आळं करतो आणि त्या पहिल्या झाडाची आठवण काढतो. आता त्याला खरं सांगायची माझी हिंमत नाही.

पण एक नवी अडचण उभी राहिली आहे आणि ती तुझ्यामुळे आहे.

खोली बांधून झाली तरी तिच्यात राहायला वेगळा कागद लागतो, त्याला भोगवटा दाखला म्हणतात. त्याआधी कार्यालयातून माणूस मंजूर नकाशा घेऊन येतो आणि नकाशात आहे ते सगळं जागेवर आहे का ते एकेक करून पाहतो. काल मोजपट्टी आली. टेप लावून खोली मोजली, बरोबर भरली. न्हाणीघराची खिडकी, बरोबर. पडदा होता, त्याच्यावर तिने काही लिहिलं नाही, पण खिडकी उघडून वारा येतो का ते पाहिलं. दोन झाडं मोजली. मग तिने मंजूर नकाशा माझ्यासमोर धरला. महापालिकेचा गोल शिक्का नेमका खाटेवर बसला आहे, तुझ्या अर्ध्या अंगावर. चष्मा तेवढा बाहेर राहिला आहे.

ती म्हणाली, “सर, इथे खाटेवर बहीण दाखवली आहे. जागेवर खाट आहे, बहीण नाही. नकाशाप्रमाणे काम पूर्ण झालं असं मी कसं लिहू?”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने हसण्याचा मागमूसही लागू दिला नाही. शेरा लिहिला: ‘काम अपूर्ण. प्रस्तावित बहीण आल्यावर पुन्हा पाहणी करावी.’ खाली सही केली, तारीख घातली आणि प्रत माझ्या हातात दिली. ती या पाकिटात घातली आहे, वाचून घे.

तेव्हा ताई, मी आता तुला आग्रह वगैरे करत नाही. माझ्या हातात काही राहिलेलं नाही. तू आली नाहीस तर हे बांधकाम बेकायदेशीर आहे.

धाकटा


२३ मे

धाकट्या,

शेरा वाचला. मुलाला वाचून दाखवला, सुनेला वाचून दाखवला, लिफ्टवाल्यालाही दाखवला. तो लिफ्ट दुरुस्त करतोय, म्हणजे मला नीट खाली उतरवता येईल. सामानावर सुनेने तुझा पत्ता घातला. तिने तो आधीच लिहून ठेवला होता, फक्त डकवायचा राहिला होता.

मुलाने तिकीट परत केलं. दोघं मला तुझ्या दारापर्यंत सोडतील आणि मग तिकडे जातील. निघताना सून रडेल, तेव्हा तू आपली चित्रं दाखवत बसू नकोस.

पुढच्या रविवारी पोचते. मोजपट्टीला पाहणीसाठी सोमवारी बोलाव, प्रवासाने मी रविवारी थकलेली असेन आणि नकाशात मी बसलेली आहे, आडवी नाही. चष्मा लावून बसते म्हणावं.

आणि तुझा पहिला नकाशा मी विसरलेले नाही. भिंतीवर मांजरही प्रस्तावित आहे. ते तू बघ.

ताई